दुसऱ्या वर्षाला प्रवेश

सॅली रोहेकर लंडनजवळच्या स्लाऊ गावात एका प्रायमरी शाळेत डिनर लेडी होती. दुपारच्या सुट्टीत मुलांना उकडलेले बटाटे आणि कोबी वाढायचा, सांडलेलं पुसायचं, मैदानात कुणी पडलं तर गुडघा धुऊन द्यायचा आणि दोन वाजता घरी यायचं, असं तिचं काम. मुंबईत असताना तिने इंटर केलं होतं. पुढे शिकायचं मनात होतं, पण बासष्ट साली इझिकेलशी लग्न झालं, चौसष्टमध्ये दोघं इंग्लंडला आली, त्याच वर्षी रूथ झाली आणि शिक्षण राहून गेलं. इझिकेल तिथल्या ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता. घरात तिघंच. बेने इस्राएल ज्यू घर, त्यामुळे शुक्रवारी सूर्य मावळताना शब्बाथचा, म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीचा, दिवा लागायचा, नारळाच्या दुधातली माशांची आमटी व्हायची, आणि तिघंही मराठीत बोलायची. रूथ तिच्या पद्धतीच्या मराठीत.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत एका सकाळी शाळेच्या हेडमिस्ट्रेसने सॅलीला लवकर बोलावून घेतलं.

"मिसेस रोहेकर, तुम्हाला इंडियन येतं ना?"

"कुठलं इंडियन?"

हेडमिस्ट्रेसने समोरचा कागद पाहिला. "मराठी."

"येतं की. घरी तेच बोलतो आम्ही."

पहिलीच्या वर्गात अलका नावाची सहा वर्षांची मुलगी होती. सांगलीहून येऊन तिला पाचच महिने झाले होते. वडील पद्माकर चॉकलेटच्या कारखान्यात, आई सुप्रभा घरी. पाच महिन्यांत अलका वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. मुलगी मतिमंद आहे की काय, असं शिक्षिकेला वाटू लागलं होतं, म्हणून कौन्सिलचे सायकॉलॉजिस्ट तिची परीक्षा घ्यायला आले होते. त्यांना दुभाषी हवी होती.

शाळेच्या मेडिकल रूममध्ये ते तिघं बसले. सायकॉलॉजिस्ट उंच, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी अलकाला एक चित्र दाखवलं. बाईचा चेहरा होता आणि तिला एकच भुवई काढलेली होती. या चित्रात काय राहिलंय, असं त्यांनी विचारलं. सॅलीने मराठीत सांगितलं.

अलकाने चित्राकडे नीट पाहिलं. "कुंकू लावायचं राहिलंय," ती म्हणाली.

सॅलीने ते इंग्रजीत सांगितलं. सायकॉलॉजिस्टनी कागदावर शून्य लिहिलं.

"पण तिचं बरोबर आहे," सॅली म्हणाली. "तिच्या घरच्या बाईच्या चेहऱ्यावर तेच असतं."

"मिसेस रोहेकर, तुम्ही फक्त भाषांतर करा."

मग प्रश्न आला, दुकानात ब्रेड संपला असेल तर काय करशील? अलका म्हणाली, "आई भाकरी करते. दुकानात कशाला जायचं?" पुन्हा शून्य. शेवटी लाल-पांढरे ठोकळे समोर ठेवून, कार्डावरचा आकार त्यांतून जुळव असं सांगून त्यांनी स्टॉपवॉच सुरू केलं. अलका ठोकळ्यांकडे बघत हात मांडीत घेऊन बसून राहिली. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. सॅलीला राहवेना. "अगं, लाव की."

"हात लावू?" अलकाने विचारलं. "विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूंना हात नाही लावायचा, आई म्हणते."

तोवर वेळ संपली होती. ठोकळे उचलून झाल्यावर अलकाने कार्डावरचा तोच आकार बोटाने टेबलावर काढून दाखवला. तो कुठेच लिहिला गेला नाही.

ईस्टरनंतर सुप्रभा हातात एक पत्र घेऊन सॅलीच्या दारात आली. चेहऱ्यावर हसू होतं.

"सॅलीताई, अलकाला स्पेशल शाळा मिळाली. बस घरापर्यंत न्यायला येते म्हणे. स्पेशल म्हणजे चांगली शाळा ना? आम्ही सही करून दिली."

सॅलीने पत्र वाचलं. मग सुप्रभाला खुर्चीवर बसवलं आणि ती शाळा मतिमंद मुलांची आहे हे सांगितलं. सुप्रभा रडली नाही. तिने पत्र परत घेतलं आणि खालच्या सहीवर अंगठा ठेवून, जणू ती पुसता येईल अशी, कितीतरी वेळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सॅली कौन्सिलच्या ऑफिसात गेली. सायकॉलॉजिस्टनी तिला भेटायला वेळ दिला, चहाही दिला. तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची कळकळ मला समजते. पण या कामाला मानसशास्त्राची डिग्री लागते, मग शाळेत शिकवण्याचा अनुभव, मग वेगळं ट्रेनिंग. तेवढं करून आलेलं कुणी माझा आकडा चुकीचा म्हणालं, तर मी ऐकेन."

"ती डिग्री सुरू कुठून करायची?"

ते जरा हसले. मग सॅलीने पर्समधून पेन आणि कागद काढलेला पाहून हसायचे थांबले.

पुढचं वर्षभर सॅली संध्याकाळच्या वर्गांना गेली. चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात जवळच्या एका कॉलेजात दोन वर्षांचा नवाच डिप्लोमा निघाला. मोठ्या वयाच्या लोकांना, शाळेच्या परीक्षा नसल्या तरी, मुलाखत घेऊन प्रवेश देत. तिथल्या मिस अ‍ॅशवर्थ या शिक्षिकेने तिला घेतलं. "डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट पुढच्या वर्षात जाता येईल," त्या म्हणाल्या.

"कुठल्या विद्यापीठात?"

"ते अजून ठरायचंय," मिस अ‍ॅशवर्थ म्हणाल्या. निदान त्यांनी खोटं सांगितलं नाही.

दोन वर्षं सॅलीने शाळेतलं काम सोडून मन लावून अभ्यास केला. लहान मूल बोलायला कसं शिकतं, माणूस का विसरतो, भीती कुठून येते, सगळं वाचलं. इझिकेलची काही तक्रार नव्हती. सकाळी नऊला गेलेली बायको चारला घरी असायची. डिप्लोमाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिने नऊ विद्यापीठांना पत्रं लिहिली. पाच ठिकाणांहून उत्तर आलं, की हा डिप्लोमा आम्ही जाणत नाही, पहिल्या वर्षापासून सुरू करा. दोघांनी उत्तरच दिलं नाही. लंडनच्या एका ठिकाणी तर तिचे कागद हरवले आणि तिने विचारल्यावर, तुम्ही अर्जच केला नव्हता, असं कळवलं. एप्रिलमध्ये नवव्या ठिकाणाहून पत्र आलं. नॉटिंगहॅमहून. भेटायला या, एवढंच त्यात होतं.

तिने ते जेवताना सांगितलं.

"नॉटिंगहॅम?" इझिकेलने चमचा खाली ठेवला. "किती लांब आहे ते माहीत आहे का?"

"सव्वाशे मैल. नकाशात पाहिलं मी."

"आणि रूथ?"

"रूथ बारा वर्षांची होईल. आणि तुम्ही आहात."

"मी दुपारच्या शिफ्टला असलो की?"

"शिफ्ट बदलून मागा."

"तू म्हणतेस तितकं सोपं नाही ते."

"सोपं आहे असं मी म्हटलंच नाही."

"कॉलेजपर्यंत ठीक होतं, सॅली. जाऊन-येऊन होतं. आता आठवड्यातले पाच दिवस बायको दुसऱ्या गावी. लोक काय म्हणतील ते सोडून दे. मला काय वाटेल?"

"काय वाटेल?"

त्याने स्वतःची ताटली धुतली आणि मागच्या बागेत निघून गेला. त्यानंतर कित्येक दिवस घरात कामापुरतंच बोलणं होत होतं. सॅलीने तिकीट काढलं आणि मे महिन्यात ती एकटीच नॉटिंगहॅमला गेली.

मानसशास्त्र विभागातले डॉ. फर्गसन स्कॉटिश होते आणि गोड बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तिचे दोन्ही वर्षांचे निबंध वाचून ठेवले होते.

"तुम्हाला वाचायला शिकवलंय, मोजायला शिकवलेलं नाही," ते म्हणाले. "आमची पहिल्या वर्षाची मुलं वर्षभर स्टॅटिस्टिक्स करतात, प्रयोग करतात. त्याशिवाय मी तुम्हाला दुसऱ्या वर्षात बसवलं तर दोन महिन्यांत तुम्ही बुडाल."

"म्हणजे पहिल्या वर्षापासून?"

"तीन वर्षं तुम्हाला जमतील?"

सॅलीने इझिकेलचा चेहरा आठवला. "नाही. दोनच."

डॉ. फर्गसननी कॅलेंडर पाहिलं. "सहा सप्टेंबरला नापास झालेल्यांची फेरपरीक्षा आहे. त्यांच्याबरोबर तुम्ही बसा. आणि स्वतः केलेल्या एका प्रयोगाचा रिपोर्ट घेऊन या. दोन्ही जमलं तर दुसरं वर्ष. नाही जमलं तर मी काही करू शकत नाही."

जून उजाडला आणि इंग्लंडमध्ये कुणी पाहिला नव्हता असा उन्हाळा सुरू झाला. आठवडेच्या आठवडे पावसाचा थेंब नाही. स्लाऊच्या बागांमधलं गवत पिवळं पडून चुरचुरू लागलं, पाणी जपून वापरा म्हणून घरोघर कागद आले. रूथच्या आंघोळीचं पाणी सॅली बादलीने टोमॅटोंना घालायची आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. सरासरीपर्यंत सगळं कळलं. पुढच्या पानावर ती अडकली. वर्ग, वर्गमूळ, ग्रीक अक्षरं. तेच उदाहरण तिने पाच वेळा सोडवलं आणि पाच वेगळी उत्तरं आली.

एका रविवारी दुपारी इझिकेल पाणी प्यायला आत आला. तिच्या मागे उभा राहून त्याने वहीत डोकावलं.

"इथे चुकलंय," तो म्हणाला. "आधी सरासरीतून वजा कर, मग वर्ग. तू उलटं केलंस."

सॅलीने मान वर केली. "तुम्हाला हे येतं?"

"मग मी दिवसभर काय करतो असं वाटतं तुला? दर तासाला पाच डबे उचलायचे, वजन करायचं, तक्त्यावर ठिपके मांडायचे. बारा वर्षं करतोय."

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं नाहीस," इझिकेल म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

सोमवारी त्याने कारखान्यातून तक्त्याचे कोरे कागद आणले. रोज संध्याकाळी जेवणाआधी एक तास त्याने शिकवायला सुरुवात केली. पुस्तक तो उघडायचाच नाही. "एक डबा अर्धाच भरलाय आणि एक उतू जातोय. सरासरी काढ. एकदम फर्स्ट क्लास! साहेब खूश. पण ते दोन डबे घेऊन जाणारी गिऱ्हाइकं काय म्हणतील?" सॅली हसली. त्या स्वयंपाकघरात दोन महिन्यांत कुणी हसलं नव्हतं. नॉटिंगहॅमचं नाव दोघांनीही काढलं नाही. पण जुलैच्या मध्यावर त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की ऑक्टोबरपासून त्याला कायमची सकाळची शिफ्ट मिळतेय.

प्रयोगाचा विषय सॅलीने केव्हाच ठरवला होता. रूथची चित्रकला चांगली होती. तिच्याकडून तिने वीस चित्रं काढून घेतली. प्रत्येकात काहीतरी राहिलेलं. छत्रीला दांडा नाही, सायकलला एकच चाक. दहाचे दोन संच केले. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना एक संच इंग्रजीत विचारायचा, एक मराठीत. घड्याळ लावायचं नाही. स्लाऊमध्ये मराठी घरं थोडीच होती. लंडनच्या वेम्बली भागात शशी नावाची तिची एक मैत्रीण होती, तिने आणखी काही घरांची नावं दिली. रविवारी सॅली चित्रं पिशवीत घालून वेम्बलीला जायची, घामाघूम होऊन एकेका घराची बेल वाजवायची. कुठे पोहे मिळायचे, कुठे नुसता संशय. "आमच्या मुलाची परीक्षा कशाला?" एका बाईने दारातूनच विचारलं. सॅलीने तिथेच पायरीवर बसून तिला अलकाची गोष्ट सांगितली. बाईने दार उघडलं.

अशी बारा मुलं जमली. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी तिने सगळे आकडे टेबलावर मांडले. सात मुलांना मराठीत जास्त उत्तरं आली होती. तिघांची दोन्हीकडे सारखी. दोघांची मराठीत कमी. तिने पुस्तकामागचं कोष्टक उघडलं, बोट ठेवून ओळ शोधली आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं?" इझिकेलने विचारलं.

"सात विरुद्ध दोन पुरत नाही. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, असं कोष्टक म्हणतं." तिने एक कागद बाजूला सरकवला. "ही वीणा. वेम्बलीची. ती नीट बसलीच नव्हती. सारखी टीव्हीकडे बघत होती. तिला धरलं नाही तर?"

"तर काय होतं?"

"सात विरुद्ध एक. मग निकाल लागतो."

इझिकेलने तो कागद उचलून पाहिला. "समज, टीव्हीकडे बघत बघत तिने मराठीत जास्त उत्तरं दिली असती. तरी काढली असतीस तिला?"

सॅलीने तो कागद त्याच्या हातून परत घेतला.

"आमच्याकडे एक जण कमी भरलेला डबा टेबलाखाली सरकवायचा. तक्ता सुंदर दिसायचा त्याचा."

"हे डबे नाहीत!" सॅलीचा आवाज चढला. "मुलं आहेत ही. अलका तीन वर्षं त्या शाळेत मणी ओवत बसलीय. मला माहीत आहे काय खरं आहे ते. मी त्या खोलीत होते."

"म्हणूनच म्हणतोय. त्या माणसालाही माहीतच होतं, काय खरं आहे ते."

ती उठून मागच्या बागेत गेली. वाळलेल्या गवतावर येरझारा घालत राहिली. तिला इझिकेलचा राग आला होता, त्याहून जास्त कोष्टकाचा. पण येरझारा घालता घालता तिच्या मनात एक वेगळाच प्रश्न आला आणि ती घाईने आत आली.

"दुसरं मूल कोण आहे? मराठीत कमी पडलेलं?"

इझिकेलने कागद चाळले. "यशोधन. हाही वेम्बलीचा."

"तो इथेच जन्मलाय. आणि वीणासुद्धा. बारांतली तीनच मुलं इथे जन्मलेली आहेत, त्यांतली ही दोन." ती खुर्चीत बसली. "त्यांचं घरातलं बोलणं पण अर्धं इंग्रजीत चालतं. मी त्यांना मराठीत विचारलं म्हणजे त्यांच्या भाषेत विचारलंच नाही. मीही तेच केलं, त्या साहेबांनी अलकाच्या बाबतीत केलं ते."

तिने बाराच्या बारा मुलांचे आकडे लिहिले. खाली लिहिलं, की या प्रयोगातून काहीही सिद्ध होत नाही. त्याच्याखाली त्या दोन मुलांबद्दल दीड पान लिहिलं.

सहा सप्टेंबरला नॉटिंगहॅमच्या एका मोठ्या हॉलमध्ये ती अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये बसली. तीन तासांत सातपैकी सहा प्रश्न सोडवले. सातवा वाचूनही समजला नाही. गुरुवारी डॉ. फर्गसननी तिला बोलावलं. तिचा रिपोर्ट त्यांच्यासमोर होता.

"स्टॅटिस्टिक्समध्ये चौपन्न. ठीक आहे," ते म्हणाले. "आता हे. तुमचा प्रयोग काहीच सिद्ध करत नाही, मिसेस रोहेकर."

"हो. आठव्या पानावर मी तेच लिहिलंय."

"एक मूल गाळलं असतं तर सिद्ध झालं असतं. मी करून पाहिलं."

"मीही करून पाहिलं होतं."

त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "त्या दोन मुलांवरचं दीड पान बाकीच्या रिपोर्टपेक्षा चांगलं आहे. ऑक्टोबरच्या चार तारखेला टर्म सुरू होते. दुसऱ्या वर्षाच्या यादीत तुमचं नाव घालतो."

सॅली थँक यू म्हणाली, बाहेर आली, जिना उतरली आणि खालच्या पायरीवर बसून तिने टर्मची तारीख कागदावर लिहून घेतली.

पुढची दोन वर्षं काही सुखाची गेली नाहीत. सोमवारी पहाटे स्लाऊहून लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन, तिथून सेंट पँक्रस, तिथून नॉटिंगहॅम. शुक्रवारी तोच रस्ता उलटा. एका म्हाताऱ्या बाईच्या घरात तिने खोली घेतली होती. लसणाचा वास आला तर घरमालकीण खिडक्या उघडायची. वर्गातली मुलं चांगली होती, पण तिला मॅडम म्हणावं की सॅली, हे त्यांना वर्षभर ठरवता आलं नाही. जानेवारीतल्या एका परीक्षेत तिला अडतीस मार्क पडले. पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं होतं म्हणून. तुमचं स्वतःचं मत कुठे आहे, असं कडेला लाल अक्षरात विचारलेलं होतं. मत विचारतात हे कळायलाच तिला एक टर्म लागली.

बुधवारी ती फोन बूथमधून घरी फोन करायची.

"ममी, माझा मोजे सापडत नाही," रूथ सांगायची. "आणि डॅडीने भात जळवली."

"जाळला म्हण गं. भात जाळला."

"वास सेमच येतो, ममी."

सगळ्यात अवघड होता शुक्रवार. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळायचा आणि प्रयोगशाळेतलं काम तीनपर्यंत चालायचं. शब्बाथचा दिवा लावायला ती घरी पोचणं शक्यच नव्हतं. शब्बाथ लागल्यावर प्रवास करणं तिच्या जिवावर यायचं. पहिल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी साडेसातला ती दारात उभी राहिली तेव्हा रडवेली झाली होती. टेबलावर दिवा लावलेला होता. रूथने लावला होता, आणि तिच्या डोक्यावर सॅलीची ओढणी होती.

"हे मला बघवत नाही," सॅली इझिकेलला म्हणाली. "माझं काम ती करतेय."

"तिला शिकायचंच होतं कधीतरी," तो म्हणाला. "हात धू. जेवण निवतंय."

सत्त्याहत्तरच्या वसंतात कौन्सिलचे जुने सायकॉलॉजिस्ट बदलून गेले आणि त्यांच्या जागी एक तरुण बाई आली. सॅलीने मिस अ‍ॅशवर्थच्या मदतीने अर्ज लिहिला, सुप्रभा आणि पद्माकरने त्यावर सह्या केल्या. सही करताना सुप्रभाने अर्ज तीनदा वाचून घेतला. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला आणि मगच पेन हातात घेतलं. नव्या बाईने अलकाची पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी दुभाषीची गरज पडली नाही. दहा वर्षांची अलका इंग्रजीत बोलली, हळू, पण पूर्ण वाक्यांत. ठोकळे समोर येताच तिने एकदा सॅलीकडे पाहिलं आणि न विचारता हात घातला. सप्टेंबरमध्ये ती साध्या शाळेत गेली.

सगळं भरून निघालं असं मात्र झालं नाही. अलकाला वाचन जेमतेम येत होतं, बेरजा बोटांवर. चार वर्षं गेली ती गेलीच. शनिवार संपला की रविवारी सकाळी ती सॅलीकडे वही घेऊन यायची. "मावशी, मी ढ आहे का?" एकदा तिने विचारलं. सॅली तिला नाही म्हणाली. अलकाने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग तिथे सगळे तसं का म्हणायचे?" चुकून तुला तिथे पाठवलं, मोठ्या माणसांची चूक झाली, एवढंच सॅलीने सांगितलं. अलकाने मान डोलावली आणि पुढची बेरीज करायला घेतली.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनअखेर निकाल लागला. विभागाच्या दारावर यादी डकवली होती. मुलांची झुंबड ओसरेपर्यंत सॅली मागे थांबली. मग पुढे होऊन तिने वरून नाही, खालून वाचायला सुरुवात केली. चौथं नाव तिचं होतं. सेकंड क्लास, लोअर डिव्हिजन.

ती कोपऱ्यावरच्या फोन बूथमध्ये गेली आणि कारखान्याचा नंबर फिरवला. इझिकेलला बोलावून आणायला त्यांना बराच वेळ लागला. फोनमधून यंत्रांचा आवाज येत होता.

"हॅलो? लागलं का नाव?" तो ओरडूनच बोलत होता.

"लागलं. सेकंड क्लास. लोअर."

तो कुणाला तरी इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि तिकडे दोघा-तिघांनी आरोळी ठोकली.

"आता पुढे काय असतं ते?" त्याने विचारलं.

"एक वर्ष शिक्षकाचं ट्रेनिंग. मग दोन वर्षं शाळेत शिकवायचं. मग सायकॉलॉजिस्टचं ट्रेनिंग."

"बाप रे."

"पहिलं वर्ष रीडिंगला मिळेल. स्लाऊहून रोज जाऊन-येऊन करता येतं."

"फॉर्म आणलायस?"

"बॅगेत आहे."

"मग घरी ये. रविवारी बसून भरू. आणि हे बघ, शाई काळीच लागते का विचारून ठेव, मागच्या वेळी तुझा एक फॉर्म परत आला होता."

"विचारते," सॅली म्हणाली. बाहेर एक मुलगा काचेवर टकटक करत होता, त्यालाही घरी कळवायचं होतं. तिने फोन ठेवला, दार उघडून त्याला आत जाऊ दिलं आणि शाईचं विचारायला परत विभागाच्या ऑफिसकडे निघाली.